बिघडलेल्या सुराचे माहात्म्य

कोणत्याही पंथाला एक मूर्ती, एक पोथी आणि थोडेसे सोवळे लागते. विजेच्या गिटारवाल्यांच्या पंथात मूर्तीचे स्थान पायाने दाबावयाच्या एका लहानशा पत्र्याच्या पेटीने पटकाविले आहे. तिला 'पेडल' म्हणतात. गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्यामध्ये ही पेटी बसते, तारेवरून आलेला स्वच्छ सूर पोटात घेते आणि तो घोगरा, खरखरीत किंवा हेलकावणारा करून बाहेर सोडते. पेटी जितकी जुनी तितका सूर सात्त्विक, हा पंथाचा पहिला सिद्धान्त. तो मान्य केला की पुढील सर्व गोष्टी आपोआप मान्य कराव्या लागतात.

गंमत अशी की, ज्या सुराच्या शुद्धतेसाठी हा सारा खटाटोप चालतो, त्याचा जन्मच मुळी बिघाडातून झाला. १९५१ साली मेम्फिस येथे 'रॉकेट ८८' हे गीत मुद्रित झाले, तेव्हा गिटारवाल्याचा ध्वनिवर्धक प्रवासात मोडला होता. त्याच्या फाटक्या कर्ण्यात कागद कोंबून वेळ निभावण्यात आली आणि तोच गुरगुरता आवाज लोकांना आवडला. पुढे मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या 'डोन्ट वरी' या गीताच्या मुद्रणात नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणालयातील यंत्र दगा देऊन बसले आणि ग्रेडी मार्टिन यांच्या वाद्यातून भुंग्यासारखा आवाज निघाला. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी त्या यंत्राची केवळ दुरुस्ती झाली असती. ग्लेन स्नॉडी या अभियंत्याने मात्र तो बिघाड पेटीत कसा भरता येईल याचा विचार केला, आणि १९६२ साली 'माएस्ट्रो फझ-टोन' बाजारात आली. ही पेटी लावली की गिटारीतून तुतारीचा आणि चेलोचा भास होईल, असे उत्पादकांचे म्हणणे होते. लोकांनी फारसे मनावर घेतले नाही. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तिचा आवाज घुमला तेव्हा कोठे दुकानांतील माल संपला. तोही तुकडा कीथ रिचर्ड्स यांनी, पुढे तेथे पितळी वाद्ये घालू, अशा बेताने तात्पुरता वाजविला होता.

सुरातली गुणगुण वाढविण्यासाठी तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकविणाऱ्या आपल्या लोकांनी या वेडाला फार हसू नये. जवारी हीदेखील एका अर्थी काळजीपूर्वक जोपासलेली खरखरच होय.

'वा-वा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेडलची कथाही अशीच. १९६६ साली कॅलिफोर्नियातील थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हे ध्वनिवर्धकातील एक महागडी कळ काढून तिच्या जागी स्वस्त फिरते बटण बसवीत होते. हेतू शुद्ध काटकसरीचा. त्या बटणाचा आवाज ऐकून त्यांनी ते ऑर्गनच्या पायदाबणीत बसविले. कंपनीने या शोधाला क्लाइड मॅकॉय या ट्रंपेटवादकाचे नाव दिले, कारण ट्रंपेटवाल्यांना तो हवासा वाटेल अशी आशा होती. ट्रंपेटवाल्यांनी तिकडे पाठ फिरविली आणि गिटारवाल्यांनी त्याचे देऊळ बांधले.

सोवळ्याचा भाग बॅटरीपासून सुरू होतो. १९६६ च्या 'फझ फेस' या गोल पेटीत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. एकाच खोक्यातून निघालेले दोन ट्रान्झिस्टर सारखे वागतीलच याचा भरवसा नव्हता आणि हवा तापली की त्यांचा स्वभावही बदले. म्हणून एक फझ फेस अमृत आणि शेजारची काथ्याकूट, असा अनुभव येई. यात खोटे काही नाही. तसेच, जुनी जस्त-कार्बनची बॅटरी भाराखाली दबते आणि सूर किंचित मऊ होतो, हेही खरे. एरिक जॉन्सन हे वादक बॅटऱ्यांमधला फरक कानांनी ओळखतात, अशी ख्याती आहे. पण सत्याच्या या चिमूटभर हळदीवर भाविकांनी पिवळेपणाचा केवढा तरी व्यापार मांडला आहे!

'ट्यूब स्क्रीमर' हे त्याचे उत्तम उदाहरण. नावात ट्यूब आहे. पेटीत ट्यूब शोधून सापडत नाही. तिच्यात ४५५८ क्रमांकाची एक चिप असते. तसल्या चिपा असंख्य घरगुती उपकरणांत लागल्या आणि त्यांची किंमत चहाच्या कपाहून फारशी अधिक नव्हती. १९८० च्या सुमाराची हिरवी पेटी व तिच्या मागून आलेली पेटी यांच्यातला मुख्य फरक बाहेर पडण्याच्या वाटेवरील दोन प्रतिरोधकांचा. तरीही जुन्या छापाच्या चिपेसाठी लोक रद्दीतली यंत्रे उचकटीत बसतात.

आकाशवाणीच्या श्रोत्यांना 'युनि-व्हाइब'ची कथा विशेष जवळची वाटेल. हेंड्रिक्स यांनी १९६९ साली वुडस्टॉकला वापरलेली ही जपानी पेटी फिरत्या कर्ण्याची नक्कल होय, असे सर्वत्र सांगितले जाते. तिचे कर्ते फुमिओ मिएदा यांचे सांगणे वेगळे. रात्री दूरवरून येणारे मॉस्कोचे नभोवाणी प्रक्षेपण ऐकताना आवाज जसा डोलतो, विरतो आणि परत येतो, तोच परिणाम त्यांना पकडावयाचा होता. लघुलहरींवर मन लावून बातम्या ऐकणाऱ्या माणसाला ज्याचा त्रास होई, तेच पुढे कला म्हणून विकले गेले.

सर्वच दंतकथा मात्र इतक्या निरुपद्रवी नाहीत. १९७८ साली पहिल्या ध्वनिमुद्रिकेने कीर्तीस चढलेल्या एडी व्हॅन हेलन यांनी आपल्या सुराचे रहस्य विचारणाऱ्यांना, ध्वनिवर्धकाला ठरल्यापेक्षा अधिक, म्हणजे १४० व्होल्टपर्यंत दाब देतो, असे सांगितले होते. वस्तुस्थिती उलट होती. त्यांनी तो दाब ९० व्होल्टच्या आसपास खाली आणला होता. थोरामोठ्यांनी चेष्टेने फेकलेला शब्द शिष्य वेदवाक्य म्हणून झेलतात, आणि येथे झेलणाऱ्याच्या हातात विजेची तार असते! वाढीव दाबाने ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर जळतात, तो निव्वळ पैशाचा नाश. परंतु अशा ध्वनिवर्धकाच्या पोटात तार काढल्यानंतरही शेकडो व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला सूर सापडण्याआधी तेच सापडावयाचे.

अखेर 'क्लॉन सेंटॉर'. बिल फिनेगन यांनी १९९४ पासून बॉस्टनच्या परिसरात हाताने जुळवून सुमारे ८,००० पेट्या विकल्या. आतली रचना कोणी चोरू नये म्हणून तिच्यावर राळेचा घट्ट थर ओतलेला असे. झाकलेल्या वस्तूविषयी माणसाची कल्पना किती धावते, हे निराळे सांगावयास नको. आत जादूचे डायोड आहेत, असा बोभाटा झाला. काही शे डॉलरची वस्तू हजारो डॉलरांना जाऊ लागली. पुढे कोणी तो थर खरवडला. आत जादू नव्हती, नीट विचार करून मांडलेले साधे मंडल होते. तिच्या बिनचूक नकला स्वस्तात मिळू लागल्या, तरी मूळ मूर्तीचा भाव चढतच राहिला. कंटाळून फिनेगन यांनी २०१२ च्या आपल्या नव्या, लहान पेटीवर एक ओळ छापली. पुष्कळांना खुपणारा हा हास्यास्पद गाजावाजा आपण केलेला नाही, हे कृपया ध्यानात ठेवावे, असा तिचा आशय.

भक्तांनी ती ओळ वाचली, आणि ओळ छापलेली ती पेटीही संग्रही ठेवण्यासाठी ते रांगेत उभे राहिले.