कपाटाची किल्ली



मुलांच्या वाचनावरच्या संमेलनात अध्यक्षाने मोबाइलला चार शब्द सुनवावेत, अशी अपेक्षा असते. ते काम आधीच्या वक्त्यांनी चोख केलं आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. मी मोकळा झालो.

वाचनाच्या आवडीवर आपण पुष्कळ बोलतो, वाचता येण्यावर फार कमी. चौथीतला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. ओळीखाली बोट ठेवून तो वाचतोय, ‘शे... त... क...’ आणि ‘ऱ्या’पाशी बोट अडतं. मग तो अंदाजाने ‘शेतकरी’ म्हणतो आणि पुढच्या ‘च्या’शी झटापट सुरू होते. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यातून निसटलेली असते. शेतकऱ्याच्या बैलाचं काय झालं, असं विचारलं की मुलगा खाली बघतो. मग आपण म्हणतो, याला वाचनाची गोडी नाही. अहो, गोडी कळायला घास तोंडापर्यंत तरी जायला हवा!

हा मुलगा अपवाद नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२४’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला नाही. त्याच पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या ८२ टक्के मुलामुलींनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो, असं सांगितलं.

या दोन आकड्यांत विसंगती वाटते, पण ती नाही. फोन चालवायला आता वाचावं लागतच नाही. माइकचं चिन्ह दाबायचं, ‘छोटा भीम लाव’ म्हणायचं, की झालं. पडद्यावर वाचावं की कागदावर, हा वाद आपण घालत बसलो आणि तेवढ्यात अजिबात न वाचता निभावून नेण्याची सोय घरोघरी पोचली. मला खरी काळजी त्या सोयीची वाटते. गणितातलं शाब्दिक उदाहरण, अर्जातली बारीक अक्षरांतली अट, कुणीतरी पुढे पाठवलेली बातमी, या सगळ्यांत मागे जाऊन तेच वाक्य पुन्हा वाचावं लागतं. ज्याला एकदा वाचतानाच दम लागतो, तो दुसऱ्यांदा कशाला वाचेल?

कागद आणि पडद्याच्या वादात मी सोवळं पाळत नाही. २०१८ साली ५४ संशोधनांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो आणि घाईत वाचताना पडद्यावरचं नुकसान वाढतं, असं त्यात दिसलं. निव्वळ गोष्टी वाचताना मात्र असा फरक आढळला नाही. तेव्हा गोष्ट फोनवर खुशाल वाचू द्या. १९७१ साली सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत, ते मुलांना उघडून दाखवा. विज्ञानाचा धडा मात्र कागदावरच असू द्या.

आणि कागद मुलांच्या हाती लागतो का? बहुतेक शाळांत पुस्तकं असतात, कपाट असतं आणि कपाटाला कुलूप असतं. पुस्तकं रजिस्टरला चढलेली असतात. एखादं फाटलं किंवा हरवलं तर उत्तर कोण देणार, ही गुरुजींची भीती खोटी नाही. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी कपाट उघडतं, फोटो निघतात, ते ग्रुपवर जातात. १६ तारखेला पुन्हा कुलूप. याउलट महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारमध्ये २०१७पासून लोकांनी आपल्या राहत्या घरांत पुस्तकं मांडली आहेत आणि परके लोक येऊन ती वाचतात. घरात जमतं ते वर्गात का जमू नये?

उद्या समारोपाला ठराव येतील. एक माझाही घ्या. मुलांच्या हाताळण्याने फाटलेलं पुस्तक शाळेने विनाचौकशी निर्लेखित करावं, त्याची वसुली कुणाकडूनही होऊ नये. आणि इथे जमलेल्या मुख्याध्यापकांना हात जोडून सांगतो, शासनाच्या उत्तराची वाट बघू नका. सोमवारी शाळा भरली की कपाटाची किल्ली सातवीतल्या एखाद्या मुलीच्या हातात द्या, आणि रोज परिपाठानंतर अर्धा तास प्रत्येक वर्गात कुणालातरी मोठ्याने वाचू द्या. अडखळणाऱ्याला आधी वाचू द्या.