ठाण्यांतील नोंद आणि तिचा शेवट

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण महाराष्ट्रांत इतकी रूढ झाली आहे कीं, बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत ती पोलीस ठाण्याच्या पायरीलाहि लावली जाते. एखाद्या घरीं चोरी होते. शेजारीपाजारी जमतात, हळहळ व्यक्त करतात, आणि शेवटीं कोणी तरी वडीलकीच्या नात्यानें सांगतो, ''जाऊं द्या. गेलेली वस्तु परत येणें नाहीं. ठाण्यांत खेटे घालण्यांत चार दिवस मात्र फुकट जातील.'' हा सल्ला सद्हेतूनेंच दिलेला असतो. परंतु त्याचा परिणाम काय होतो याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. ज्या गुन्ह्याची नोंद झाली नाहीं, तो गुन्हा सरकारच्या दृष्टीनें घडलेलाच नसतो. त्याचा तपास नाहीं, त्याची गणना नाहीं, आणि त्या गल्लींत रात्रींची गस्त वाढविण्याची गरज आहे असें सांगणारा कागदहि कोठें नाहीं. म्हणून ही नोंद कशी होते व तिचा शेवट कसा होतो, हें प्रत्येक गृहस्थास व गृहिणीस ठाऊक असणें अवश्य आहे.

कायद्यानें गुन्ह्यांचे दोन वर्ग पाडले आहेत. खून, दरोडा, घरफोडी यांसारखे गुन्हे दखलपात्र होत. त्यांचा तपास पोलिसांनीं कोणाच्या हुकुमाची वाट न पाहतां सुरू करावयाचा असतो, व वॉरंटावांचून अटक करण्याचा अधिकारहि त्यांस असतो. साधी मारहाण, शिवीगाळ यांसारखे गुन्हे अदखलपात्र होत. मॅजिस्ट्रेटचा हुकूम असल्याशिवाय पोलिसांस त्यांचा तपास करतां येत नाहीं. पहिल्या वर्गांतील गुन्ह्याची जी पहिली खबर लिहून घेतात तिला प्रथम खबर, किंवा नित्याच्या बोलण्यांत एफ. आय. आर., असें म्हणतात. दुसऱ्या वर्गांतील खबर निराळ्या वहींत जाते. तिलाच लोक एन. सी. म्हणतात. कित्येक माणसें एन. सी.ची चिठ्ठी हातीं घेऊन, गुन्हा दाखल झाला अशा समाधानांत घरीं परततात, आणि पुढें तपास कां होत नाहीं म्हणून पोलिसांस दोष देत बसतात. मिळालेल्या कागदावर गुन्ह्याचा रजिस्टर क्रमांक व कायद्याचीं कलमें आहेत कीं नाहींत, एवढें जागच्या जागीं पाहिलें तर ही फसगत टळते.

खबर लिहून घेण्याची ही रीति आजकालची नव्हे. १८६१ सालीं फौजदारी कार्यपद्धतीचा पहिला कायदा झाला, तेव्हांपासून ती चालत आली आहे. १८९८ व १९७३ सालच्या संहितांत तिचें कलम १५४ वें होतें. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलांत आली, आणि तींत हेंच कलम १७३ वें झालें. मुख्य आज्ञा मात्र बदललेली नाहीं. तोंडी खबर अधिकाऱ्यानें लिहून घ्यावी, ती सांगणारास वाचून दाखवावी, तिच्यावर त्याची सही घ्यावी, व तिची प्रत त्यास विनामूल्य द्यावी. वाचून दाखविण्याची अट वरवर क्षुल्लक वाटते. परंतु पुढें खटल्यांत साक्षीदाराचें बोलणें या पहिल्या खबरेशीं ताडून पाहिलें जातें. घडल्या गोष्टीची वेळ, जागा, माणसें व गेलेल्या वस्तूंची यादी त्या वेळीं नीट लिहिली गेली नाहीं, तर उलटतपासणींत त्याच चुकीवर बोट ठेवलें जातें. सही करण्यापूर्वीं कागद सावकाश वाचणें म्हणजे पोलिसांवर अविश्वास दाखविणें नव्हे.

आज्ञा इतकी स्पष्ट असतां नोंद नाकारली कां जाते? याचें कारण पुष्कळ अंशीं आंकड्यांच्या लोभांत आहे. एखाद्या शाळेची योग्यता केवळ नापासांच्या संख्येवरून ठरूं लागली, तर दुबळ्या मुलांस परीक्षेसच बसूं देऊं नये, असा मोह मुख्याध्यापकास होईल. ठाण्याची योग्यता गुन्ह्यांच्या संख्येवरून ठरूं लागली कीं तेथेंहि तोच मोह उत्पन्न होतो. मग चोरीस गेलेली वस्तु हरवली म्हणून लिहिली जाते. जबरी चोरीची साधी चोरी होते. हाड मोडेपर्यंत झालेली मारहाण अदखलपात्र ठरते. आणि 'ही आमची हद्द नव्हे' असें सांगून फिर्यादीस दुसऱ्या ठाण्याची वाट दाखविली जाते. १९७७ सालीं नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानें या व्याधीची गंभीरपणें चर्चा केली होती.

या प्रश्नाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांच्या पीठानें १२ नोव्हेंबर २०१३ रोजीं दिला. उत्तर प्रदेशांतील एक अल्पवयीन मुलगी बेपत्ता झाली असतां तिच्या पित्यानें दिलेली खबर ठाण्यांत वेळेवर नोंदली गेली नाहीं, व वरिष्ठांकडे दाद मागितल्यावर नोंद झाली तरी तपास हलला नाहीं, म्हणून त्यानें न्यायालयाचें दार ठोठावलें. 'ललिताकुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार' या नांवानें हा खटला प्रसिद्ध आहे. खबरेवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर ती नोंदणें अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ती खरी कीं खोटी हें नोंदीपूर्वीं ठरवीत बसण्याचा अधिकार त्यास नाहीं, असें न्यायालयानें सांगितलें. वैवाहिक तंटे, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हयगय, लांचलुचपत, किंवा फार दिवसांनीं दिलेली खबर, अशा कांहीं प्रकारांत तेवढी प्राथमिक चौकशीची मुभा ठेविली.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. सांगेल तें लिहून घ्यावयाचें ठरविलें, तर सूडबुद्धीनें वाटेल त्याचें नांव गोंवलें जाणार नाहीं काय? आक्षेप निराधार नाहीं. परंतु नोंद झाली म्हणजे अटक झालीच पाहिजे असें मुळींच नाहीं. हें त्याच निर्णयांत स्पष्ट केलेलें आहे. खोट्याचा शोध तपासांत लागावयाचा असतो, आणि तपास नोंदीनंतर सुरू होतो. बुद्धिपुरस्सर खोटी खबर देणाऱ्यास कायद्यानें शिक्षाहि ठेविली आहे. खोट्याच्या भीतीनें खऱ्याची वाट बंद करणें हा न्याय नव्हे.

नव्या संहितेनें नागरिकाच्या हातीं कांहीं साधनें दिलीं आहेत. गुन्हा कोणत्याहि हद्दींत घडलेला असो, खबर कोणत्याहि ठाण्यांत देतां येते. तिची नोंद शून्य क्रमांकानें करून ती योग्य ठाण्याकडे पाठविली जाते. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेंहि देतां येते. मात्र तीन दिवसांच्या आंत तिच्यावर सही करावी लागते. तीन वर्षें किंवा त्याहून अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीनें १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सवलत पोलिसांस मिळाली आहे. नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालानें लेखी अर्ज करावा. तेथेंहि दाद न लागल्यास मॅजिस्ट्रेटकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करावा. आणि ९० दिवसांच्या आंत तपासाची प्रगति फिर्यादीस कळविणें हें आतां पोलिसांचें कर्तव्य ठरलें आहे.

येथवर आरंभाचा विचार झाला. शेवटाविषयीं तर याहूनहि अधिक अज्ञान आहे. तपासांत पुरेसा पुरावा मिळाला म्हणजे पोलीस दोषारोपपत्र पाठवितात व खटला उभा राहतो, हें सर्वांस माहीत असतें. परंतु ज्या प्रकरणांत पुरावा मिळत नाहीं त्यांचें काय होतें? मुंबई इलाख्यापासून चालत आलेल्या पद्धतीप्रमाणें महाराष्ट्रांत अशा प्रकरणांच्या समाप्तीचे तीन मुख्य वर्ग आहेत. गुन्हा खरा, परंतु गुन्हेगाराचा शोध लागला नाहीं किंवा पुरावा अपुरा पडला, तर 'अ' समरी. फिर्याद द्वेषबुद्धीनें केलेली व खोटी, तर 'ब' समरी. गुन्हा खराहि नव्हे व खोटाहि नव्हे, म्हणजे समजुतीची चूक झाली किंवा वाद मुळांत दिवाणी स्वरूपाचा निघाला, तर 'क' समरी.

एका अक्षराचा हा फरक. पण त्यांत फिर्यादीची अब्रू गुंतलेली असते. ज्या विधवेचे दागिने खरोखरच गेले, तिच्या प्रकरणांत 'अ' लिहिलें तर सरकार तिला म्हणतें, 'बाई, तुझें म्हणणें खरें. चोर सांपडला नाहीं.' तेथेंच 'ब' लिहिलें तर तीच लबाड ठरते, व तिच्यावरच खटला होण्याचा संभव उत्पन्न होतो. चोर सोडून संन्याशास फांशीं देण्याचाच तो प्रकार होय. म्हणून शेवटचा शब्द पोलिसांचा ठेवलेला नाहीं. समरी मंजूर करणें न करणें मॅजिस्ट्रेटच्या हातीं असतें. तो ती मान्य करूं शकतो, अधिक तपासाचा हुकूम देऊं शकतो, किंवा पोलिसांचें मत बाजूस ठेवून गुन्ह्याची दखलहि घेऊं शकतो. आणि प्रकरण बंद करण्याकडे त्याचा कल असेल, तर मूळ फिर्यादीस नोटीस देऊन त्याचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं भगवंत सिंग यांच्या खटल्यांत ठरवून दिलें आहे. अशी नोटीस घरीं आली असतां ती फडताळांत टाकून देणें म्हणजे बोलण्याची मिळालेली संधि आपल्या हातांनीं दवडणें होय. 'अ' समरी झाली तरी दार कायमचें बंद होत नाहीं. नवा पुरावा मिळाल्यास पुढील तपास करतां येतो.

या सर्व नोंदींची बेरीज 'भारतांतील गुन्हे' या वार्षिक अहवालांत १९५३ सालापासून प्रसिद्ध होत आली आहे. तें काम आतां १९८६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय गुन्हे नोंद संस्था करते. ही बेरीज वाचतांना सावधगिरी पाहिजे. एकाच खबरेंत अनेक गुन्हे असतील तर त्यांपैकीं सर्वांत गंभीर तेवढा मोजला जातो.  कायदा बदलला तरी आंकडे हलतात. पांच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी जुन्या कायद्यांत दखलपात्र होती, ती नव्यांत अदखलपात्र झाली आहे. त्यामुळें चोऱ्यांचा आंकडा उतरला तरी चोर सुधारले असें अनुमान काढतां येणार नाहीं.

शेंकड्यांच्या प्रमाणांतहि अशीच फसगत होते. समजा, एका जिल्ह्यांत वर्षभरांत पोलिसांनीं १०० प्रकरणें निकालांत काढलीं व त्यांपैकीं ६० प्रकरणांत दोषारोपपत्रें पाठविलीं. त्याच वर्षीं न्यायालयांत २० खटल्यांचा निकाल लागला व १२ खटल्यांत शिक्षा झाली. दोषारोपाचें प्रमाण शेंकडा ६०, आणि शिक्षेचें प्रमाणहि शेंकडा ६०! वाचणारा समजतो कीं, शंभर गुन्ह्यांत साठ गुन्हेगारांस शिक्षा झाली. वास्तविक शिक्षा झालेले खटले बाराच, आणि त्यांतील कित्येक कदाचित् अनेक वर्षांपूर्वींचे. प्रमाण कशाचें, हें विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाहीं.

गुन्हे वाढणें आणि गुन्ह्यांची नोंद वाढणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असा इशारा ती संस्था स्वतःच देते. एखाद्या शहरांत नोंदींची संख्या वाढली असें वर्तमानपत्रांत वाचून लगेच भयभीत होऊं नये. लोक निर्भयपणें ठाण्यांत जाऊं लागले असतील, आणि ठाण्यांतील अंमलदार प्रामाणिकपणें लिहूं लागले असतील, हेंहि त्याचें कारण असूं शकेल. उलट, ज्या ठाण्याची वही वर्षानुवर्षें कोरी दिसते, तेथें शांतता नांदते कीं नुसतें मौन नांदतें, हें तपासून पाहिलें पाहिजे. अंमलदारानें खरें लिहावें, वरिष्ठांनीं केवळ संख्येवरून त्यास दोष देऊं नये, आणि नागरिकानें, वस्तु परत मिळो वा न मिळो, घडलेली गोष्ट ठाण्यांत जाऊन सांगावी व तिची प्रत घेऊन यावें. पुढच्या घरची चोरी टळण्याचा आरंभ तेथूनच होतो.