कार्डावरचा रतीब

रतीब हा शब्द आपल्या घरांत फार जुना आहे. दुधाचा रतीब, फुलांचा रतीब, वर्तमानपत्राचा रतीब. एकदां ठरवून टाकलें, कीं रोज सांगावें लागत नाहीं. वस्तु दाराशीं येते आणि महिनाअखेर हिशेब होतो. या व्यवस्थेंत सोय होती, आणि त्या सोयीवर पहाराहि होता. दूधवाला सकाळीं दारांत उभा राही, म्हणून त्याचें येणें दिसे. आणि घरची गृहिणी भिंतीवरच्या कॅलेंडरावर खाड्याची खूण करी, म्हणून त्याचें न येणेंहि दिसे. गांवाला जावयाचें झालें तर आठ दिवस दूध नको एवढें सांगितलें, कीं रतीब थांबे.

आज ज्या रतिबाविषयीं मला बोलावयाचें आहे, तो दाराशीं येत नाहीं. तो आपल्या क्रेडिट कार्डावर किंवा डेबिट कार्डावर चालतो. घरबसल्या चित्रपट पाहण्याची वर्गणी, मुलांची शिकवणी, मोबाइलमधील छायाचित्रें साठविण्याची जागा, वर्तमानपत्राची आंतरजालावरील आवृत्ति, असे या रतिबाचे नाना प्रकार आहेत. कार्डाचा क्रमांक एकदां दिला, ओटीपी एकदां भरला, कीं पुढें दरमहा किंवा दरवर्षीं ठरलेली रक्कम आपोआप वजा होऊं लागते. दूध कोणी पिवो वा न पिवो, पैसे जातातच.

जुन्या मराठी मासिकांच्या वाचकांना व्ही. पी.ची पद्धत आठवत असेल. वर्गणी संपल्यावर वाचकानें नकार कळविला नाहीं, तर पुढील अंक व्ही. पी.नें पाठविला जाई. वाचकाचें मौन ही त्याची संमति मानली जाई. तरीहि पोस्टमन दारांत आला म्हणजे पैसे द्यावयाचे कीं व्ही. पी. परत पाठवावयाची, हें ठरविण्याचा अधिकार शेवटच्या क्षणापर्यंत वाचकाच्याच हातांत असे. आजच्या व्यवहारांत मौनाची संमति तशीच राहिली आहे. दारांतला तो क्षण मात्र नाहींसा झाला आहे. सारी मेख येथें आहे.

रक्कम लहान असते, म्हणून ती डोळ्यांत येत नाहीं. समर्थनगरांतील किंवा सिडकोंतील एखादें निवृत्त शिक्षकाचें घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. नातवासाठीं घेतलेली शिकवणी २९९ रुपये, चित्रपटांची वर्गणी १९९ रुपये, छायाचित्रांच्या साठवणीचे १३० रुपये, आणि कोणत्या तरी वर्तमानपत्राचे ९९ रुपये. महिन्याला झाले ७२७ रुपये, आणि वर्षाला ८,७२४. यांतील नातू दोन वर्षांपूर्वींच पुण्यास शिकावयास गेला आहे आणि वर्तमानपत्र कोणीहि उघडीत नाहीं, असें धरलें तर यांपैकीं जवळजवळ पावणेपांच हजार रुपये दरवर्षीं पाण्यांत जातात. हीच रक्कम कोणी एकदम मागितली असती तर त्या घरांत चार दिवस चर्चा झाली असती. तुकड्यातुकड्यानें गेली, म्हणून कोणीं विचारलेंहि नाहीं.

असे रतीब जडतात कसे? पहिला मार्ग फुकट नमुन्याचा. पहिला महिना विनामूल्य किंवा एक रुपयांत, असें सांगून कार्ड मागितलें जातें; महिना संपतांच पूर्ण दर सुरू होतो. दुसरा मार्ग आधींच खूण करून ठेवलेल्या चौकटीचा. तिकीट किंवा एखादी वस्तु घेतांना एक लहानशी चौकट अगोदरच भरलेली असते, आणि घाईंत ती तशीच राहते. तिसरा मार्ग वार्षिक नूतनीकरणाचा. वर्षापूर्वीं घेतलेली वस्तु वर्षानंतर कोणाच्या ध्यानांत राहणार? चौथा मार्ग मुलांच्या हातांतील खेळांचा. त्या मोबाइलला वडिलांचें कार्ड जोडलेलें असतें. आणि एक गैरसमज तर घरोघर आढळतो: मोबाइलवरून तें ॲप काढून टाकलें म्हणजे वर्गणीहि बंद झाली. तसें होत नाहीं. दूधवाल्याचें भांडें माळ्यावर ठेवलें म्हणून रतीब थांबत नाहीं. त्याला सांगावें लागतें.

हा प्रकार आपल्याच देशांत आहे असें नव्हे. अमेरिकेंत ॲमेझॉन कंपनीवर असा आरोप झाला, कीं तिनें ग्राहकांना प्राइम नांवाच्या वर्गणींत नकळत ओढलें आणि तींतून बाहेर पडण्याची वाट मुद्दाम बिकट ठेवली. सप्टेंबर २०२५ मध्यें तेथील सरकारी आयोगाशीं तडजोड करून त्या कंपनीनें अडीच अब्ज डॉलर देण्याचें मान्य केलें. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं अशा फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांची यादी प्रसिद्ध करून त्यांवर बंदी घातली. वर्गणीचा सांपळा हा त्या यादींतील एक प्रकार आहे. प्रवेश एका बोटानें आणि सुटका दहा दारें ओलांडल्यावर, ही मांडणी आतां केवळ गैरसोयीची नाहीं. ती नियमाविरुद्ध आहे.

याहून अधिक उपयोगी संरक्षण रिझर्व्ह बँकेनें दिलें आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरील अशा आपोआप वजावटीसाठीं नवी व्यवस्था अमलांत आली. पहिल्या वेळीं ग्राहकाची स्वतंत्र खात्री करून घेतल्याशिवाय आज्ञा नोंदवितां येत नाहीं. रक्कम वजा होण्यापूर्वीं निदान चोवीस तास बँकेनें ग्राहकास सूचना धाडली पाहिजे. तींत विक्रेत्याचें नांव, रक्कम, वजावटीची तारीख व कारण असावें लागतें. ती सूचना पाहून ग्राहकाला तेवढी एक वजावट किंवा सबंध आज्ञाच रद्द करतां येते, आणि या सोयीबद्दल बँकेनें आकार घ्यावयाचा नाहीं. आरंभीं पांच हजार रुपयांपर्यंतची वजावट ओटीपीशिवाय होत असे. जून २०२२ मध्यें ही मर्यादा १५,००० रुपयांवर नेण्यांत आली, आणि विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंड व क्रेडिट कार्डाचें बिल यांच्यासाठीं डिसेंबर २०२३ मध्यें ती एक लाख झाली.

आपल्या शहराला ही रचना चटकन् उमजावी. सतराव्या शतकांत मलिक अंबरानें येथें जी नहर बांधली, तिचें पाणी जमिनीखालून वाहत येई. पण तें बांधणारे शहाणे होते. नळ सबंध बुजवून न टाकतां त्यांनीं ठिकठिकाणीं आंत उतरून पाहण्याचीं तोंडें ठेवलीं होतीं. पाणी कोठें मुरतें, कोठें तुंबतें, हें त्यांतून कळे. चोवीस तास आधीं येणारी बँकेची सूचना हें असेंच एक तोंड आहे. मात्र तोंड ठेवलें म्हणून नहर आपोआप साफ राहत नाहीं. कोणी तरी आंत डोकावावें लागतें. ती सूचना जाहिरातींच्या, कर्जाच्या आमिषांच्या आणि शुभेच्छांच्या गर्दींत येते, आणि न वाचतां पुसली जाते. पुष्कळ घरांत बँकेकडे नोंदविलेला मोबाइल क्रमांकच जुना असतो. मग सूचना निघते, पण पोंचत नाहीं.

तेव्हां पहिलें काम असें, कीं बँकेकडील आपला क्रमांक आणि पत्ता आजचा आहे ना, हें पाहावें. दुसरें, महिन्यांतील एक दिवस ठरवावा आणि त्या दिवशीं कार्डाचें व खात्याचें विवरण ओळीनें वाचावें. शक्य तर मोठ्यानें, घरांतील दुसऱ्या माणसाला ऐकूं जाईल असें. प्रत्येक रकमेपुढें कोणी तरी 'माझी' म्हटलें पाहिजे. जिला धनी नाहीं, ती रक्कम संशयित. नांव अनोळखी दिसलें म्हणून लगेच घाबरूं नये. पुष्कळदां दुकानाच्या नांवाऐवजीं पैसे वसूल करणाऱ्या मध्यस्थाचें नांव उमटतें. पण शोध लागेपर्यंत त्या ओळीखालीं रेघ ओढून ठेवावी. तिसरें, बँकेच्या ॲपमध्यें कार्डावरील चालू आज्ञांची यादी असते, ती वर्षांतून दोनदां पाहावी. यूपीआयवरील आज्ञांची यादी वेगळी असते, आणि कर्जाच्या हप्त्यांसाठीं बँकेला दिलेली आज्ञा आणखी निराळी. एक यादी पाहून तिन्हींचें समाधान मानूं नये.

निजामी राजवटींत या शहरांत हाली सिक्का आणि कलदार असे दोन रुपये चालत. सहा कलदारांना साधारण सात हाली, असा भाव असे. मुंबईहून माल मागविणाऱ्याला किंवा बाहेरगांवीं पैसे धाडणाऱ्याला हा फरक मनांत धरूनच हिशेब करावा लागे. ती सवय पुन्हां लावून घेण्यासारखी आहे. कारण वर्गणी डॉलरमध्यें असेल तर भाव बदलतो तशी रक्कम बदलते, आणि परदेशी चलनाबद्दल बँकेचा वेगळा आकारहि बहुधा वर बसतो. ज्यांना परदेशी खरेदी करावयाचीच नाहीं, त्यांनीं कार्डावरील तो दरवाजा बंदच ठेवावा. तशी सोय बँकांनीं द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२० चा आदेश आहे.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. नकोसें काढतांना हवेंसें काढूं नये. खात्यांतून दरवर्षीं मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये आणि २० रुपये गेलेले पुष्कळांना दिसतात. पहिली रक्कम प्रधानमंत्री जीवनज्योति विम्याची, दुसरी सुरक्षा विम्याची. पहिल्यांत मृत्यूनंतर दोन लाखांचें संरक्षण आहे, दुसऱ्यांत अपघाताबद्दल तितकेंच. आपण संमति दिलेली नसेल तर बँकेला जाब अवश्य विचारावा. पण काय गेलें हें न पाहतां रागानें बंद केलें, तर घराचें छत्र जातें. तसेंच, नवें कार्ड घेऊन जुनें मोडण्यापूर्वीं त्यावर विम्याचा कोणता हप्ता चालू आहे हें पाहावें. हप्ता चुकला तर पॉलिसी बुडूं शकते.

या विषयांतील सर्वांत दुःखद प्रसंग निराळाच आहे. घरांतील कर्ता माणूस जातो. त्याचे सर्व व्यवहार त्याच्याच मोबाइलवर. दिवस होतात, पाहुणे परततात, आणि त्याच्या खात्यांतून कोणत्या तरी मासिकाची, कोणत्या तरी व्यायामशाळेची वर्गणी जातच राहते. मागें राहिलेल्या पत्नीला खात्यांत किती होतें तेंहि ठाऊक नसतें, आणि काय जात आहे तेंहि नसतें. ज्या घरांत पूर्वीं दुधाच्या खाड्याचा हिशेब स्त्रीच्या हातीं असे, त्याच घरांत आज पैशाच्या हिशेबांतून ती अजिबात बाहेर पडली आहे. म्हणून चालू वजावटींची एक यादी कागदावर, ठळक अक्षरांत लिहून कपाटांत ठेवावी: कोणाला, किती, कोणत्या तारखेस, कोणत्या कार्डावरून. गुप्त आंकडे तींत लिहूं नयेत. पण यादी घरांतील दोघांना तरी ठाऊक असावी.

आतां दाद मागण्याविषयीं. दोन गोष्टी निराळ्या ओळखाव्या. आपणच कधीं तरी संमति दिलेली वर्गणी नकोशी झाली असेल, तर प्रथम विक्रेत्याकडे ती रद्द करावी, रद्द केल्याची पोंच जपून ठेवावी, आणि बँकेकडील आज्ञाहि मागें घ्यावी. विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा क्रमांक १९१५ आहे. आणि जिल्हा ग्राहक आयोगापुढें पांच लाखांपर्यंतच्या खरेदीबद्दलच्या तक्रारीला शुल्कहि लागत नाहीं. परंतु आपण कधींच न केलेला व्यवहार दिसला, तर ती चोरी आहे, आणि तेथें वेळेला महत्त्व आहे. रक्कम लहान म्हणून सोडूं नये. चोर पुष्कळदां लहान रकमेनें कार्ड चालतें कीं नाहीं याची चांचणी घेतो. त्याच क्षणीं कार्ड बंद करावें, बँकेला कळवावें आणि १९३० या क्रमांकावर नोंद करावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणें दोष ग्राहकाचाहि नाहीं व बँकेचाहि नाहीं अशा फसवणुकींत, सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांच्या आंत कळविणाऱ्या ग्राहकावर कांहींहि बोजा पडत नाहीं. विलंब होईल तसा तो वाढतो. बँकेनें तीस दिवसांत समाधान केलें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करतां येते.

श्रोतेहो, काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. आवडीचा चित्रपट पाहावा, वर्तमानपत्रहि घ्यावें. त्याचे पैसे आपण जाणून देत आहों एवढेंच महत्त्वाचें आहे. नियम झाले आहेत, सूचनाहि येतात. उरलें तें एकच काम, आणि तें कोणतीहि बँक आपल्याकरितां करणार नाहीं. या महिन्याचें विवरण आलें म्हणजे चष्मा लावून, घरांतील दुसऱ्या कोणाला शेजारीं बसवून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तें एकदां वाचावें.