सॉफ्टबॉलचे शिक्षण आणि मुलांचा खांदा



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाई आणि कंत्राटी पद्धत ह्यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी सॉफ्टबॉल ह्या खेळाविषयी आणि तो मुलांना कसा शिकवावा ह्याविषयी बोलणार आहे. शनिवार पेठेत चेंडू म्हटला की क्रिकेट, आणि धावणे म्हटले की खो-खो. ओंकारेश्वरापासून रमणबागेपर्यंत कोणालाही विचारा, सॉफ्टबॉल म्हणजे रबरी चेंडूचे क्रिकेट असेल, असे उत्तर बहुधा मिळेल. पण महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील मुलामुलींचे सॉफ्टबॉलचे सामने होतात, त्याचा थोरला भाऊ बेसबॉल हाही खेळला जातो, आणि जळगाव, अमरावती ह्या बाजूंना तर हा खेळ चांगला रुजलेला आहे. त्यात खेळणारी मुले पुष्कळ अंशी कामगारांची, शेतकऱ्यांची आणि लहान नोकरदारांची आहेत. तेव्हा विषय माझ्या हद्दीबाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

खेळाचा जन्म थोडक्यात सांगतो. १८८७ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात, एका क्लबाच्या बंद दालनात, काही तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला आणि काठीने तो टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने त्याला नियमांचे रूप दिले. थंडीत घरात बसून बेसबॉल कसा खेळता येईल, ह्या विचारातून हे निघाले. म्हणजे चिंध्यांचा चेंडू आणि अंगणातली काठी ह्यांत पुण्याची मुले जे करीत आली तेच ते. फरक इतकाच की त्यांनी नियम लिहून काढले. आपणही लिहिले नाहीत असे नाही. खो-खोचे नियम १९१४ च्या सुमारास डेक्कन जिमखान्यात बांधले गेले. विटीदांडूला मात्र ते भाग्य लाभले नाही.

आता मैदान. नऊ खेळाडू, सात डाव, प्रत्येक डावात तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. चार बेस चौकोनात, एकमेकांपासून साठ फुटांवर. बेसबॉलमध्ये हेच अंतर नव्वद फूट. चेंडूचा घेर बारा इंच. नाव 'सॉफ्ट', पण कपाळावर बसला तर नावाचा खुलासा तत्काळ होतो. पिचर चेंडू खांद्याखालून, हात चक्रासारखा फिरवून टाकते. मुद्दाम 'टाकते' म्हणतो, कारण ऑलिंपिकमध्ये हा खेळ फक्त स्त्रियांचा आहे. १९९६ ला तो प्रथम आला, २००८ नंतर वगळला गेला, टोकियोच्या खेळांत २०२१ साली परतला, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमात क्रिकेटबरोबर पुन्हा घेतला आहे.

आपल्या मुलाला हा खेळ शिकवताना पहिली अडचण येते ती क्रिकेटची. हातात बॅट आली की तो ती सरळ धरतो, टोक जमिनीला टेकवतो आणि चेंडू अडवायला बघतो. येथे अडवण्याला काही अर्थ नाही. बॅट खांद्याजवळ, वर. वजन मागच्या पायावर. मग पुढचे पाऊल, कमरेचा फिरका, आणि शेवटी हात. चेंडू लागला की धावायचेच, 'नको' म्हणायची सोय नाही. आणि क्रिकेट खेळलेले पोर धावताना बॅट सोडत नाही! ती बरोबर घेऊन पहिल्या बेसवर पोहोचते आणि तेथे जमिनीला टेकवते. दुसरे एखादे पोर बॅट सोडते ती भिरकावून, आणि कॅचर बिचारा खाली बसतो. बॅट सोडणे हेही शिकवावे लागते. पहिल्या बेसवर थांबायचे नसते, त्यावर पाय देऊन पुढे निघून जायचे असते, कारण तेथे पुढे गेलेल्याला बाद करीत नाहीत, जोवर तो दुसऱ्या बेसकडे वळत नाही. ही गोष्ट तोंडाने शंभरदा सांगून कळत नाही; बेसच्या पलीकडे दहा पावलांवर एक काठी रोवून 'काठीपर्यंत पळ' म्हटले की एका सकाळी कळते. खो-खो खेळलेल्या मुली मात्र ह्या बाबतीत पुढे असतात. उठताच वेग घेणे त्यांच्या पायात मुरलेले असते.

शिकवण्याची रीत कोणती, हा प्रश्न मला कारखान्यातून परिचयाचा आहे. नवा शिकाऊ मुलगा आला की चांगला उस्ताद त्याला यंत्राजवळ नेत नाही. आधी कानस हातात देतो, आणि कानस चालवण्याआधी पाय कोठे ठेवायचे ते दाखवतो. छिन्नीवर हातोडा मारायला शिकवताना उस्ताद एकच वाक्य बोलतो: 'डोक्याकडे बघू नको, धारेकडे बघ.' मुलगा स्वभावतः छिन्नीच्या डोक्याकडे बघतो, कारण अंगठा तेथे असतो आणि भीती तेथे असते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू झेलणाऱ्या मुलाचे अगदी हेच होते. चेंडू जवळ आला की तो मान फिरवतो, डोळे मिटतो आणि हात पुढे करतो. त्याला 'घाबरट' म्हटल्याने भीती जात नाही, ती लपते. त्याच्याशी जुन्या पायमोज्यांच्या चेंडूने खेळा. लागला तरी हसू येईल अशा चेंडूने आठ दिवस झेलू द्या. मग टेनिसचा चेंडू, मग खरा. चेंडू छातीच्या वर आला तर बोटे वर आणि अंगठे जवळजवळ, कमरेच्या खाली आला तर बोटे खाली आणि करंगळ्या जवळजवळ. दुसरा हात नेहमी सोबत. जमिनीवरून येणाऱ्या चेंडूला गुडघे वाकवून खाली बसायचे आणि हातमोजा आधी जमिनीला लावायचा. चेंडू उसळला तर वर येणे सोपे, वरून खाली जाणे अवघड.

फेकण्याचेही तसेच. एका दमात सगळे सांगणारा गुरुजी मला उपयोगाचा वाटत नाही. 'खांदा वळव, कोपर उचल, पाय टाक, मनगट सोड, लक्ष्याकडे बघ' ही पाच कामे एका वेळी मोठ्या माणसालाही होत नाहीत. म्हणून उजव्या हाताने फेकणाऱ्याला आधी उजवा गुडघा टेकवून बसवावे. पायांचा प्रश्न मिटला. राहिले कोपर आणि मनगट. ते बसले की उभे करावे, डावा खांदा समोर, आणि डावे पाऊल जिकडे चेंडू जायचा तिकडे. आपल्याकडे मुली फेकताना उजवा हात आणि उजवा पाय एकदम पुढे टाकतात, आणि लोक म्हणतात 'मुलींना फेकता येत नाही'. त्यांना कोणी फेकू दिले, तेवढे सांगा! मुलगा पाचव्या वर्षापासून कैऱ्या पाडत असतो; मुलगी प्रथम चेंडू हातात धरते ती सहावीत. डावे पाऊल टाकायला शिकवले की महिन्याभरात दोघांत फारसा भेद राहत नाही.

फेकण्याची मूळची शक्ती आपल्या खेड्यांत आहे ह्याबद्दल मला शंका नाही. २००८ साली उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू एका स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाने त्यांना करारबद्ध केले. त्यावर चित्रपटही निघाला. पण लाखांतून दोघे उचलण्याच्या गोष्टीपेक्षा मागे राहिलेल्यांना कोण शिकवतो, ह्याची मला अधिक चौकशी आहे.

शिकवण्याचे साहित्यही महाग हवे असे नाही. बॅटिंग शिकवायला चेंडू एका खुंटावर ठेवून मारू देतात, त्याला 'टी' म्हणतात. लोखंडी पहारीवर गॅरेजमधली रेडिएटरची जुनी रबरी नळी चढवली की उत्तम टी तयार होते. बॅट लागली तरी वाकते, मोडत नाही. हलता चेंडू मारण्याआधी उभा चेंडू मारणे, ह्यात कमीपणा नाही.

आता मी ज्यासाठी आलो त्या गोष्टीकडे येतो.

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात आणि एका दिवसात तीन-तीन सामने होतात. शाळेच्या संघात बरी पिचर एकच असते. मग ती तिन्ही सामने टाकते. आदल्या आठवड्यात सराव म्हणून तिने रोज दीडशे चेंडू टाकलेले असतात. आमच्या एका फिटरची मुलगी चौदाव्या वर्षी अशीच खेळली. नंतर तिला वेणी घालायला हात वर नेता येईना. शाळेने घरी सांगितले, 'खेळात असे होतेच.' बापाने मला विचारले, 'साहेब, कारखान्यात असे झाले असते तर नुकसानभरपाईचा अर्ज केला असता ना?' मी म्हटले, केला असता.

पुष्कळ प्रशिक्षकांची समजूत अशी की खांद्याखालून टाकणे नैसर्गिक, म्हणून कितीही टाकले तरी चालते. हे खरे नाही. ज्यांनी यंत्रे लावून मोजमाप केले त्यांना असे दिसले की चक्राकार टाकण्यात खांद्यावर येणारा ताण वरून फेकण्याच्या ताणाच्या तोडीचा असतो. मुलांच्या हाडांची टोके वाढीच्या वयात कूर्चेची असतात. तेथे तोच तोच ओढा रोज बसला तर दुखावते ते वाढीचे ठिकाणच. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलची 'लिटल लीग' ही संस्था १९३९ पासून आहे. तिने २००७ पासून चेंडू मोजणे सक्तीचे केले. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५, अकरा-बारा वर्षांच्याला ८५, तेरा ते सोळाला ९५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवशी ६६ किंवा अधिक टाकले तर पुढचे चार दिवस विश्रांती. हा नियम बेसबॉलचा, वरून फेकणाऱ्यांचा. खालून टाकणाऱ्या मुलींसाठी अशी सक्ती फारशी कोठे नाही, कारण तीच जुनी समजूत.

उलट बाजूने मला जपानच्या युकिको उएनो हिचे नाव सांगितले जाते. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि सुवर्णपदक आणले. २०२१ ला, एकोणचाळिसाव्या वर्षी, पुन्हा आणले. मी तिला नमस्कारच करीन. पण २००८ ला ती सव्वीस वर्षांची होती, तिचा सांगाडा पुरा वाढलेला होता, आणि मागे वैद्य होते. आपल्या सातवीतल्या मुलीमागे कोण असते? मानधनावरचा एक शिक्षक, ज्याचे मानधन पुढच्या वर्षी चालू राहील की नाही ते निकालावर ठरते. त्याला एकट्याला दोष देणे सोपे आहे, आणि मी देणार नाही. आईबापांचाही त्यात वाटा आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत २००५ पासून खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत. कोणत्या खेळाला आणि कोणत्या स्पर्धेला ते लागू, हे नियमात पाहावे लागते, पण आशा नियम वाचत नाही. प्रमाणपत्र घरात यावे म्हणून बापच म्हणतो, 'टाक अजून थोडे.'

ह्या देशात पहिला फॅक्टरी कायदा १८८१ साली झाला. त्यात सात वर्षांखालील मूल कामाला लावू नये आणि सात ते बाराच्या मुलाला दिवसाला नऊ तासांहून अधिक राबवू नये, असे ठरले. आज ऐकून अंगावर काटा येतो. पण त्याआधी तेवढीही मोजणी नव्हती. गिरणीवाले म्हणत, मुलांचे काम हलकेच तर असते. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी रविवारची सुट्टी मिळवली ती १८९० साली, आणि तेव्हाही विश्रांतीने उत्पादन बुडेल असेच सांगण्यात येत होते. 'खालून टाकणे हलके असते' हे वाक्य मी ऐकतो तेव्हा मला तेच शहाणे लोक आठवतात.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक संघामागे एक वही असावी. संघात न निवडलेल्या मुलांपैकी एकाला तीत रेघा मारायला बसवावे: सरावाचे चेंडू वेगळे, सामन्याचे वेगळे, आणि कोणाला कोठे दुखते ह्याचा एक रकाना. सामन्यापूर्वी दोन्ही संघांनी वह्या पंचांना दाखवाव्यात. प्रत्येक संघात तीन मुलींना पिचिंग शिकवावे, एकीला नव्हे. तिसरी कच्ची असली तर चार धावा जातील, जाऊ द्याव्यात. आणि मुलगी म्हणाली 'दुखते', तर त्या दिवशी तिला पहिल्या बेसवर किंवा घरी. त्यावर चर्चा नको.

आणखी एक गोष्ट, लहानशी, पण मला खुपते. ह्या खेळात हातमोजा न फेकणाऱ्या हातात घालतात. शाळा एकदम पेटी विकत घेते तीत सगळे हातमोजे डाव्या हाताचे असतात. दहांत एखादे मूल डावखुरे असतेच. त्याला उजव्या हाताचा मोजा मिळत नाही, मग ते डाव्या हातात मोजा घालून झेलते, तो काढून काखेत मारते आणि मग फेकते; तोवर धावणारा घरी पोहोचलेला असतो, आणि गुरुजी म्हणतात पोरगे मंद आहे. वास्तविक डावखुरा पहिल्या बेसवर सर्वांत सोयीचा, आणि बॅट घेऊन उभा राहिला तर पहिल्या बेसला दोन पावले जवळ. शाळेच्या पालक सभेत जाल तेव्हा साहित्याची यादी मागवून बघा, आणि दहा मोज्यांत दोन तरी उजव्या हाताचे लिहून घ्या.