मुलास ‘ढ’ म्हणण्यापूर्वीं
(रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत, पालकांच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



पेरणीच्या घाईंत तुम्ही आलां, म्हणून मोजकेंच बोलतों. “आमचा पोरगा ढ आहे, विद्या आमच्या नशिबीं नाहीं, त्यास कामाला लावतों,” असें आपल्यांतले कांहीं जण म्हणतात. हें बोलणें किती खोटें व किती घातक आहे, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

भातांत हळवें असतें, तसें गरवेंही असतें. हळवें कापणीस आलें तरी गरवें हिरवेंच दिसतें; म्हणून तें कोणी उपटून टाकतो काय? पहिलीच्या वर्गांत नुकतींच सहा वर्षें पुरीं झालेलें मूल आणि साताला टेकलेलें मूल शेजारीं बसतें. मोठ्या माणसांत अकरा महिन्यांचें अंतर कांहींच नव्हे. पण सहा वर्षांच्या मुलास तो त्याच्या सबंध आयुष्याचा जवळजवळ सहावा हिस्सा आहे.

दुसरी गोष्ट घरची. ज्याच्या घरीं रोज वाचन चालतें, त्याचे कान पुस्तकी शब्दांस सरावलेले असतात. आपलें मूल घरीं आपली बोली बोलतें. वर्गांत तें गप्प बसतें, तें अक्कल नाहीं म्हणून नव्हे, शब्द परका म्हणून. त्याच मुलास भरती-ओहोटी कळते, सुताराचें सूत धरतां येतें, पायली-शेराचा हिशेब कळतो. हीसुद्धां विद्याच आहे. शिक्षकानें तिचाच धागा धरून अंकगणित शिकवावें.

तिसरी गोष्ट शरीराची. कोणाची नजर अधू असते, कोणाचा कान वाहतो, कोणी उपाशी येतो. फळा न दिसणाऱ्या मुलास छडीनें दिसूं लागत नाहीं. कांहीं मुलें बोलण्यांत हुशार असून वाचतांना ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत वर्षानुवर्षें घोटाळतात. हा आळस नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें अशा अध्ययन-अक्षमतेस मान्यता दिली आहे.

१९०५ सालीं फ्रान्सांत बिने व सिमों यांनीं बुद्धीची चांचणी तयार केली. मागें पडणारें मूल ओळखून त्यास जास्त मदत मिळावी, हा तिचा हेतु होता. त्यास हांकलून द्यावें, हा नव्हता. बुद्धि वाढतच नाहीं, या मताचा बिने यांनीं निषेधच केला. पुढें डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं ती चांचणी मराठी व कानडी मुलांसाठीं बसविली.

बुद्धि जातीनें येते, असें आम्हांस पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत आलें. तें खरें असतें, तर एका घरांतलीं दोन भावंडें सारखींच निघालीं असतीं! फरक मुलामुलांत असतो. जातीजातींत दिसतो तो मिळालेल्या व नाकारलेल्या संधीचा. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें बारा वर्षांपर्यंत सक्तीचें शिक्षण मागितलें, तें निवडक हुशारांसाठीं नव्हे, सर्वांसाठीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं ठाण्याकडे बोर्डी-कोसबाडच्या भागांत गुराख्या मुलांसाठीं शाळाच कुरणांत नेली. मूल शाळेस येईना, तर शाळेनें मुलाकडे जावें, हा त्यांचा धडा.

आतां तुम्हीं काय करावें? रोज मुलाशीं बोला, त्यास गोष्ट सांगा. डोळे-कान तपासून घ्या. शेजारच्या मुलाशीं तुलना करूं नका. तें गेल्या महिन्यापेक्षां किती पुढें गेलें, तें विचारा. मुलीसही हाच न्याय लावा. आणि आम्हां शिक्षकांस जाब विचारा: “मागें राहिलेल्यासाठीं तुम्हीं काय केलें?”

एका शब्दानें मुलाची शाळा सुटते, आणि सुटलेली शाळा पुन्हां धरणें फार कठीण. म्हणून ‘ढ’ हा शब्द बाराखडीच्या तक्त्यावरच राहूं द्या.