टिल्टची गळती : आधी वजन टांगा, मग पाना लावा

(बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्या कामगारांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



पूर्व किनारा असो वा पश्चिम, गस्तीच्या आणि पर्यटकांच्या बोटींवरची जुनी आउटबोर्ड इंजिने आपल्याच हाताखाली येतात. इंजिन वर-खाली करणारी हायड्रॉलिक टिल्ट गळू लागली की हुकूम ठरलेला असतो : ‘तेल भरा आणि बोट सोडा.’ तेल भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, एवढेच आज सांगायचे आहे.

100-115 अश्वशक्तीच्या इंजिनाचे वजन साधारण 150 किलोच्या पुढेच असते. वर उचललेले हे वजन सिलिंडरमधल्या तेलावर उभे असते. दाब सुटला की ते खाली येते, आणि खाली आपला हात असतो. म्हणून पहिला नियम : बॅटरीची तार काढा, टिल्टचा खटका लावा; पण खटक्याच्या भरवशावर राहू नका. इंजिन चेन पुलीला टांगा. मगच हाताने दाब सोडण्याचा स्क्रू हळूहळू सैल करा.

दुसरे, गळती कुठे आहे ते शोधा. सगळे भाग पुसून कोरडे करा, इंजिन चार-सहा वेळा वर-खाली करा, आणि तेल कुठून पाझरते ते पुठ्ठा धरून पाहा. बोट लावू नका. बारीक फवाऱ्याने तेल कातडीखाली घुसले तर टोचल्याएवढीच खूण दिसते, पण ताबडतोब इस्पितळ गाठावे लागते. बाहेर तेल नाही, तरी इंजिन हळूहळू खाली बसते? मग दोष आत आहे : पिस्टनची ओ-रिंग, व्हॉल्व्ह किंवा तो स्क्रूच नीट बसत नसेल.

तिसरे, सील बदलण्यापूर्वी दांड्यावरून कापड फिरवा. खाऱ्या पाण्याने खड्डे पडले असतील तर कापड अडकते. असा दांडा नवे सीलही कापतो. तो बदलावाच लागतो. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. सगळे तेल काढून यंत्रणा धुवा. मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच तेल वापरा. ब्रेक ऑइलने रबर फुगते.

टाकीचे झाकण इंजिन पूर्ण वर असतानाच उघडा, नाहीतर तेल उसळते. तेलाची पातळीही त्याच स्थितीत पाहा. नंतर इंजिन पुन्हा वर-खाली करून हवा काढा आणि कमी पडलेले तेल भरा.

मित्रांनो, या कामाला तीन गोष्टी लागतात : चेन पुली, पूर्ण सील किट आणि पुरेसा वेळ. तिन्ही देणे मालकाचे काम आहे. त्या मिळेपर्यंत वर टांगलेल्या इंजिनाखाली हात घालायचा नाही, आणि शेजारच्या साथीलाही घालू द्यायचा नाही. नव्या पोराला पान्याआधी हे शिकवा.