डॅशहुंड हट्टी का असतो?

आखूड पायांचा डॅशहुंड हाकेला वळला नाही, म्हणून त्याला उर्मट ठरवू नका. बिळात शिरून बॅजर या प्राण्याची शिकार करण्यासाठी ही जात जर्मनीत घडवली गेली. जमिनीखाली मालक नसे, निर्णय त्यालाच घ्यावा लागे. तोच स्वभाव आज आपल्या घरात वावरतो.

म्हणून शिकवणी पाचेक मिनिटांचीच ठेवा. ‘बस’ एकदाच म्हणा आणि बसताक्षणी उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा द्या. उशिरा मिळालेलं बक्षीस कशासाठी, हे त्याला उमगत नाही. घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरावा आणि नियमही एकच पाळावा; आजोबांनी जेवताना गुपचूप पोळी भरवली, की केलेली मेहनत वाया जाते. आणि कृपा करून मारू नका. मार खाल्लेला कुत्रा घाबरतो, मग चावतो.